फुलदाणीतली फुलं दोन दिवसांत मान टाकतात? आधी देठ बघा

सांगलीत हे घरोघरी चालतं. गणपती मंदिराबाहेरून नाहीतर बाजारातून डच गुलाबांची जुडी आणायची, पाकिटातली सगळी फुलं हौसेने फुलदाणीत लावायची, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर निम्म्या फुलांनी माना टाकलेल्या. फुलदाणीत पाणी तर काठोकाठ. मग फुलवाल्याच्या नावाने बोटं मोडायची आणि पुढच्या वेळी शेजारच्या गाड्यावरून घ्यायची. तिथली फुलंही तिसऱ्या दिवशी तेच करतात.

शिळा माल मिळतो, नाही असं नाही. १४ फेब्रुवारीच्या आसपास, लग्नसराईत किंवा अंगारकीच्या आदल्या दिवशी गुलाबाला भाव असतो, तेव्हा माल थोपवून ठेवलेला असू शकतो. ते ओळखणं अवघड नाही. गुलाबाची कळी देठाशी जिथे जोडलेली असते तिथे दोन बोटांनी हलकेच दाबा. घट्ट लागली तर ताजी, पिचपिचीत लागली तर राहू द्या. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीत कडेच्या दोन-तीन ओळीच उमललेल्या असाव्यात. सगळी चकती परागांनी पिवळी दिसली की फूल जुनं. निशिगंधाच्या दांडीवर खालची एक-दोन फुलंच उघडलेली असलेली घ्या. आणि गुलाबाची अगदी मिटलेली कळी जास्त टिकेल म्हणून शोधून शोधून घेतात, ते करू नका. फार लवकर तोडलेल्या कळीची मान कोवळी असते. ती उमलायच्या आधीच वाकते आणि मग काही केल्या उमलत नाही. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल झालेली कळी बरी.

पण बहुतेक घरांत फूल चांगलंच आलेलं असतं आणि घरी आल्यावर बिघडतं. बिघाड होतो देठात.

झाडावर असताना पानांतून पाणी उडत राहतं आणि त्या ओढीने खालचं पाणी देठातल्या बारीक नळ्यांतून वर चढतं. देठ कापला तरी ही ओढ थांबत नाही. फक्त आता कापलेल्या टोकातून पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि नळीत बुडबुडा अडकतो. नंतर फुलदाणीतल्या पाण्यात जिवाणू वाढतात, त्यांचा बुळबुळीत थर त्याच टोकावर बसतो. तोंड दोन्ही बाजूंनी बंद. पाण्यात उभं राहूनही फूल तहानेनेच मरतं. म्हणून फुलदाणीत आणखी पाणी ओतून, फुलांवर पाणी शिंपडून काही होत नाही. देठाचं तोंड उघडं ठेवणं हेच खरं काम आहे. बाकीचे सगळे उपाय त्याच्यानंतर.

मात्र सगळी फुलं एकाच कारणाने जात नाहीत. फूल कसं जातंय ते नीट बघितलं तर कारण कळतं, म्हणून खाली लक्षणांवरूनच लिहिते.

पाकळ्या टवटवीत, पण मान वाकलेली

गुलाब आणि जरबेरा यांची ही नेहमीची तक्रार. पाकळ्या अजून घट्ट असतील तर फूल मेलेलं नाही, नळी बंद झाली आहे. हे फूल परत उभं राहू शकतं, पण त्याच दिवशी हालचाल करावी लागते.

विश्रामबागेत आमच्या शेजारच्या काकूंकडे मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री आणून ठेवलेले गुलाब सकाळी असेच मान टाकून बसले होते. मी एक फूल उचलून आधी देठाचं खालचं टोक बघितलं. शेवटचा बोटभर भाग तपकिरी पडला होता आणि बोट फिरवलं तर शेवाळावर फिरवल्यासारखं घसरत होतं. अर्ध्या-अर्ध्या इंचाने कापत वर गेले. पहिल्या कापात आत तपकिरी ठिपके, दुसऱ्यात फिकट, आणि तिसऱ्यात हिरवट पांढरा, ओलसर, कोरा काप. तिथे थांबायचं. बादलीत कोमट पाणी घेतलं, बोट सहज बुडवून ठेवता येईल एवढंच कोमट, आणि शेवटचा काप त्या पाण्याखालीच घेतला म्हणजे हवा आत जाऊ नये. मग पाच-पाच फुलं वर्तमानपत्रात अशी गुंडाळली की माना कागदाच्या आधाराने सरळ राहतील, आणि बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात, न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन तास ठेवून दिली. कागद सोडला तेव्हा बहुतेक फुलं ताठ होती. दोन-चार नव्हतीच येणार. त्यांच्या मानेवर वाकल्या जागी काळी रेघ पडली होती, म्हणजे तिथल्या पेशी मोडल्या होत्या.

कोमट पाणी अशासाठी, की त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते देठात चटकन चढतं. एखाद्याच फुलाची मान वाकली असेल तर देठ कापून अख्खं फूल तासभर परातीत आडवं बुडवून ठेवा, तेही चालतं.

कापायला स्वयंपाकघरातली बोथट कात्री घेऊ नका. ती देठ कापायच्या आधी चेपते आणि चेपलेल्या नळ्या पाणी ओढत नाहीत. धारदार सुरी किंवा ब्लेड घ्या. विळीवर काप फार स्वच्छ येतो, फक्त कापल्या कापल्या देठ पाण्यात गेला पाहिजे. तिरका काप द्यायचा तो मुख्यतः देठ तळाला सपाट टेकून तोंड बंद होऊ नये म्हणून. गुलाबाचे जाड देठ बत्त्याने ठेचायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. ठेचलेला भाग लवकर कुजतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं.

जरबेऱ्याचं थोडं वेगळं. त्याच्या दांडीला पानं नाहीत, लव असते, आणि ती पाण्यात बुडालेली राहिली की कुजते. त्याला फुलदाणीत दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नको. पाणी कमी पडलं तर रोज घाला, पण भरून ठेवू नका. दांडीला तार किंवा स्ट्रॉ लावलेली असेल तर ती पाण्याच्या वर राहू द्या.

पाणी गढूळ, वास येतो, देठ बुळबुळीत

इथे दोष फुलदाणीचा आणि पाण्यात बुडालेल्या पानांचा. ज्या भांड्यातून आपण स्वतः पाणी पिणार नाही, त्या भांड्यात फूल ठेवू नका. गेल्या खेपेची फुलं काढून फुलदाणी नुसती विसळून ठेवली तर आतल्या भिंतीवरचा थर तसाच राहतो आणि नव्या फुलांना पहिल्या दिवसापासून जडतो. भांडी घासायच्या साबणाने घासून, नंतर ब्लीचचं पातळ पाणी अर्धा तास भरून ठेवून धुवा. अरुंद तोंडाच्या फुलदाणीत हात जात नाही. तिच्यात मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून जोरात हलवा, तळ स्वच्छ निघतो.

पाण्याच्या पातळीखालचं प्रत्येक पान काढायचं. शेवंती, अ‍ॅस्टर आणि जिप्सो (गुच्छात भरीला घालतात ती बारीक पांढरी फुलं) यांच्या बाबतीत याची फार टाळाटाळ होते, कारण पानांमुळे फुलदाणी भरलेली दिसते. पण दोन दिवसांत त्याच पानांचा चोथा होतो.

पाणी रोज नाही जमलं तर एक दिवसाआड बदला, आणि पाणी बदलताना देठ पुन्हा अर्धा इंच कापा. नुसतं पाणी बदलून तोंडावरचा थर जात नाही.

आता फुलांच्या औषधाबद्दल. दुकानात मिळणाऱ्या पुडीत तीनच गोष्टी असतात: फुलाला खाद्य म्हणून साखर, पाणी चढायला सोपं जावं म्हणून आम्ल, आणि जिवाणू मारणारं काहीतरी. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, दोन चहाचे चमचे गाळलेला लिंबाचा रस आणि पाव चहाचा चमचा कपड्यांचं साधं द्रव ब्लीच. लिंबाचा गर देठात अडकतो, म्हणून रस गाळूनच घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: साखर-लिंबू पूर्ण पाण्यात मिसळल्यावर शेवटी ब्लीच घाला. ब्लीच आणि लिंबाचा रस थेट एकमेकांत कधीही ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे पाणी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यातच करा. पितळी किंवा तांब्याचा कलश सजावटीला हवाच असेल तर आत प्लॅस्टिकचा डबा बसवून फुलं त्यात ठेवा. जरबेऱ्याला साखर-लिंबू नको, नुसतं ब्लीच पुरे.

घरोघरी होतं ते असं, की ब्लीचची भीती वाटते म्हणून लोक फक्त साखर घालतात. ही साखर फुलाच्या आधी जिवाणूंना मिळते आणि पाणी एका दिवसात फेसाळतं. ब्लीच घालायचं नसेल तर साखरही घालू नका. साधं स्वच्छ पाणी, रोज बदललेलं, त्यापेक्षा कितीतरी चांगलं. अ‍ॅस्पिरीनची गोळी पाण्यात टाकली की फुलं टिकतात म्हणतात, त्यावर माझा भरवसा नाही. आणि पाण्यात नाणं टाकायची जी पद्धत आहे ती तांब्याच्या नाण्यांच्या काळातली. आपल्या खिशातलं एक-दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, त्यातून पाण्यात काहीही उतरत नाही.

पाण्याचाही प्रश्न आहे. महापालिकेच्या नळाला कृष्णेचं पाणी येतं, त्यातल्या क्लोरीनची फुलांना अडचण नाही. पण शहराबाहेरच्या अनेक सोसायट्या बोअरवर आहेत. या पट्ट्यात नदीकाठची कितीतरी जमीन क्षारपड झालेली आहे आणि तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. बादलीला पांढरे डाग पडत असतील तर त्या पाण्यात गुलाब टिकायचा नाही. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर पाणी साबणाला छान फेस देतं, पण त्यात सोडियम वाढलेलं असतं आणि ते गुलाब-कार्नेशनला आणखी मारक. अशा घरांनी पिण्याचं शुद्ध केलेलं पाणीच फुलदाणीत घालावं. लिटरभराचा तर प्रश्न.

देठ स्वच्छ, पाणी ताजं, तरी पाकळ्या गळतात

हॉलमधली फुलं आठवडाभर टिकतात आणि देवघराजवळची त्याच जुडीतली फुलं तीन दिवसांत जातात, असं तुमच्याकडे होत असेल तर देवापुढच्या फळांच्या ताटाकडे बघा.

पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात. केळी, आंबा, चिकू, सफरचंद, पेरू ही त्यातली मुख्य. हाच वायू सोडून रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवतात. फुलाला तो मिळाला की फूल लवकर म्हातारं होतं: कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून झोपल्यासारख्या मिटतात, जिप्सो तपकिरी पडतं, गुलाबाच्या पाकळ्या ताज्या दिसत असतानाच सुटतात, कळ्या गळतात. द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीच्या आधी पानगळ व्हावी म्हणून बागेवर इथेफॉन फवारतात. ते पानात शिरलं की त्यातून इथिलीनच सुटतं आणि पानं झडतात. तुमच्या देवघरात केळीचा घड तेच काम फुलांवर करतो, फक्त हळूहळू.

अगरबत्तीच्या धुरातही हा वायू असतो, कारण कोणतीही वस्तू अर्धवट जळताना तो तयार होतो. समईची उष्णता त्यात भर घालते. गौरी-गणपतीत हे सगळं एकत्र येतं: पाच फळं, केळीचे फणे, दिवसरात्र समई, उदबत्त्या, आणि मधोमध हौसेने केलेली फुलांची आरास. पूजा सोडून द्या असं मी म्हणणार नाही. फळांचं ताट फुलांपासून चार-पाच हात लांब ठेवा, नैवेद्य दाखवून झाला की पिकलेली केळी उचलून घ्या, खिडकी उघडी राहू द्या. आणि ताट फुलांजवळच ठेवायचं असेल तर त्यात द्राक्षं, डाळिंब, मोसंबी ठेवा. ही फळं इथिलीन अगदी नावापुरतं सोडतात.

एप्रिल-मेमध्ये आंब्याची पेटी ज्या खोलीत असेल त्या खोलीत फुलदाणी नको. फ्रिजचंही तेच. फुलं रात्री फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती चांगली आहे, पण त्याच कप्प्यात सफरचंद-चिकू असतील तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. अँथुरियम आणि ऑर्किड मात्र फ्रिजमध्ये ठेवूच नका. ती उष्ण प्रदेशातली फुलं, थंडीने काळी पडतात.

सुकलेलं फूल स्वतःही हा वायू सोडतं. जुडीतलं एखादं गेलं की लगेच काढून टाका, बाकीची वाचतात.

पाकळ्यांच्या कडा कुरकुरीत

ही हवेची झळ. सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, त्यात फुलदाणी पंख्याखाली किंवा कूलरच्या झोतात असेल तर देठ जेवढं पाणी ओढतो त्याहून जास्त उडून जातं. टीव्हीजवळ, फ्रिजच्या डोक्यावर, पश्चिमेच्या खिडकीत फुलं ठेवू नका. रात्री फुलदाणी उचलून घरातल्या सर्वांत गार जागी, माठाच्या शेजारी जमिनीवर ठेवली तर दुसऱ्या दिवशी फरक दिसतो. बाजारातून आणतानाही मोटरसायकलच्या हँडलला उघडी जुडी लटकवून आणली तर घरी येईपर्यंत वाऱ्याने निम्मा जीव गेलेला असतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सकाळच्या वेळी आणा.

एवढं सगळं नीट केलं तर अपेक्षा किती ठेवावी? गुलाब पाच ते सात दिवस, जरबेरा आठवडाभर किंवा थोडा जास्त, निशिगंध पाच-सहा, कार्नेशन आणि शेवंती दहा-बारा. उन्हाळ्यात यातले एक-दोन दिवस वजा धरा. शेवंतीची पानं फुलाच्या कितीतरी आधी पिवळी पडतात. पानं काढून टाका, फूल टाकू नका. निशिगंध खालून वर उमलत जातो, म्हणून खालची सुकलेली फुलं खुडत राहिलात तर वरच्या कळ्यांना पाणी मिळतं. त्याच्या टोकाच्या अगदी बारीक कळ्या बहुधा उघडत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ग्लॅडिओलस बाजारातून आणल्यावर आडवा ठेवला तर त्याचं टोक वर वळतं आणि तसंच राहतं, त्याला पहिल्यापासून उभाच ठेवा.

आरास हिरव्या फोममध्ये करणार असाल तर फोम पाण्यावर नुसता सोडा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबून बुडवला तर मधोमध कोरडा गोळा राहतो आणि त्यात खोचलेली फुलं सगळ्यांत आधी सुकतात. एकदा खोचलेला देठ उपसून त्याच भोकात परत खोचू नका, खाली हवेची पोकळी राहते.

पूजेची सुटी फुलं

सुट्या फुलांना देठच नसतो, त्यामुळे त्यांचं गणित उलटं आहे. त्यांना पाणी पाजता येत नाही, आहे ते उडू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात असतं. झेंडू आणि शेवंती ओली असतील तर कागदावर पसरून वरचं पाणी निथळू द्या, मग कागद घातलेल्या स्टीलच्या डब्यात सैलसर भरून भाजीच्या कप्प्यात ठेवा, शेजारी फळं न ठेवता. ओली फुलं डब्यात दाबून भरली की मधूनच काळी पडायला लागतात. मोगरा आणि गजरे यांना उलट ओल हवी: पिळून घेतलेल्या सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून डबा बंद करायचा. मोगरा पाण्यात बुडवून ठेवला तर पाकळ्या तपकिरी पडतात.

जास्वंद हे एका दिवसाचंच फूल. उमललेलं फूल कशातही ठेवलं तरी संध्याकाळी मिटतं. मंगळवारी सकाळी गणपतीला ताजी जास्वंद हवी असेल तर सोमवारी संध्याकाळी टपोरी, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी कळी तोडून वाटीत बाहेरच ठेवा. सकाळी ती पाण्याशिवायही उमलते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने कळी उमलायला उशीर होतो आणि पूजेच्या वेळी अर्धवट मिटलेलं फूल हातात येतं.